दोन महिन्यांची फौज

१४ जुलै, सोमवार

आज गौतमदादा कॉलेजात परत आले.

मे महिन्यापासून ते दिसत नव्हते. फिजिक्सच्या लॅबमध्ये सगळी मांडामांड तेच करतात, त्यामुळे ते नसले की अर्धी उपकरणं कपाटात अन् अर्धी बंद. पोरं म्हणत होती बदली झाली. रोहित म्हणत होता नोकरीवरून काढलं. आज आम्ही बी.एस्सी. शेवटच्या वर्षाची पहिलीच प्रॅक्टिकल करायला गेलो, तर गौतमदादा खाली बसून मीटर ब्रिजची तार काचकागदानं घासत होते. वाळून गेलेत. मानेवर उन्हाचा काळा पट्टा, अन् त्याखालची कातडी वेगळ्या रंगाची.

रोहित म्हणाला, "लंबी छुट्टी मारली, दादा!"

"हो ना. बाहेरगावी होतो जरा."

एवढंच. मग मी भिंग आणायला मागच्या खोलीत गेलो तर तिथं हिरवी मोठी पिशवी. त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: नायक गौतम, पुढं एक नंबर. मी पिशवीकडे पाहत उभा राहिलो अन् ते मागून आले.

"दादा, तुम्ही फौजेत आहात?"

"टी.ए.त. प्रादेशिक सेना." पिशवी त्यांनी पायानं कोपऱ्यात सरकवली. "आपलं कामधंदा सांभाळून राहायचं. वर्षातून दोन महिने ट्रेनिंग. अन् गरज पडली तर बोलावतात, मग सोडतील तेव्हा यायचं."

"अन् या वेळी काय केलं तिथं?"

त्यांनी थोडा विचार केला. "पुलाजवळ उभा होतो," म्हणाले, अन् तार घासायला गेले.

दोन वर्षं मी या माणसाला "दादा, चहा सांगा ना" म्हणत आलो. म्हणून आज ही वही काढली. कोणाला तरी सांगावंसं वाटलं अन् कोणाला सांगावं ते कळलं नाही.

१७ जुलै

टी.ए.ची भरती आहे, नागपूरला, नोव्हेंबरात. मोबाइलवर पाहिलं. माझं वय बसते, उंची बसते.

रोहितला दाखवलं. तो हसला. "अर्धी फौज आहे ते बे! दोन महिन्यांची फौज! जायचं तं पुरं जा, नाही तं घरी बस."

त्याचं अगदीच चूक नाही. घरी बाबांचं ठरलेलं आहे: बी.एस्सी., मग बी.एड., मग कुठं तरी शिक्षक, अन् रविवारी संत्र्याचा बगीचा. मला ते आवडत नाही असंही नाही. मुलांना शिकवायला मला आवडेल.

खरं लिहायचं तर गोळीची भीती मला वाटत नाही, कारण गोळी मी पाहिलेली नाही. बाबांना सांगायची भीती वाटते. त्यांना मी रोज पाहतो.

२१ जुलै

गौतमदादांना विचारलं, फॉर्म भरू का. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणाले, "सकाळी पाचले ग्राउंडवर ये."

गेलो. ते तिगावहून सायकलनं आले होते, तिथंच राहतात ते. सोळाशे मीटर पळायचं. मला सात मिनिटं बारा सेकंद लागले अन् वर ओकारी. ते एकोणचाळीस वर्षांचे आहेत, सहा मिनिटांच्या आत पळाले अन् परत येऊन माझ्या शेजारी उकिडवे बसले.

"उद्या येशील?"

"येईन."

"मंग आज पाणी पी अन् घरी जा."

२ ऑगस्ट

पाय मुरगळल्यामुळे दोन दिवस ग्राउंडवर गेलो नाही, तर आज गौतमदादा घरी आले, मलम घेऊन. मी म्हटलं आत या. ते ओसरीच्या कडेलाच बसले. बाबा खुर्चीत होते.

"काय करता?" बाबांनी विचारलं.

"कॉलेजात आहो, लॅबमंधी."

मी वाट पाहत होतो, आता सांगतील, फौजेचं सांगतील. नाही सांगितलं. पावसाचं, कपाशीचं बोलले. आईनं चहा आणला, कागदी कपात. घरात एवढ्या कपबशा असून. आईला हल्ली भांडी घासायचा फारच कंटाळा येतो. त्यांनी चहा घेतला, कप चुरगळून स्वतःच्याच खिशात टाकला, अन् माझ्या पायाला पट्टी बांधून गेले.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "पुरं नाव काय त्याचं?"

मी सांगितलं. बाबा "हं" म्हणाले. मला वाटलं ओळखीचे निघतील, पण ओळखत नव्हते.

१० ऑगस्ट

फॉर्म भरला. 'व्यवसाय' असा एक रकाना होता, कारण टी.ए.त स्वतःचं काम असलेला माणूस लागतो. मी 'शेती' लिहिलं. खोटं नाही, दहावीपासून बगीच्याचं फवारणी-पाणी मीच पाहतो.

घरी सांगितलं नाही. अजून काही ठरलेलं नाही. फॉर्म भरला म्हणजे ठरलं असं थोडंच असते.

आजचा वेळ: सहा मिनिटं चार सेकंद.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल सजवले, तोरण तुटलं. उद्या गोटमार.

पोरांनी तीन दिवसांपासून गोटे जमवून ठेवलेत. मी नववीपासून जातो. जाम नदीच्या या काठावर आपण पांढुर्ण्याचे, त्या काठावर सावरगावचे, मधे पाण्यात पळसाचं झाड अन् त्यावर झेंडा. झेंडा तोडेस्तोवर गोटे. देवीचं आहे, पूर्वीपासून आहे, त्याच्यावर कोणी काही बोलत नाही.

पण या वर्षी भरती आहे. हात मोडला तर भरती गेली. रोहितला हे बोललो तर तो सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "पाहा रे, सीमेवर जाऊन राहिला अन् गोट्याले भेऊन राहिला!"

संध्याकाळी गौतमदादांना फोन केला. "दादा, उद्या उतरू का नको?"

"ते तुहं तू पाहा."

"तुम्ही येता?"

"मी दरसाल येतो. खालच्या अंगाले पाण्यात उभा राहतो. पडलेल्याले काढतो."

"कोणत्या बाजूच्या?"

ते हसले. "पाण्यात पडलेला माणूस कोणत्या काठाचा हे दिसत नाही रे."

२५ ऑगस्ट

दवाखान्यातून आज घरी. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजवा चांगला आहे म्हणून लिहिता येते. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

मी काठावर उभा होतो. हातात गोटा होता, मारला नव्हता. रोहित कंबरभर पाण्यात झाडापर्यंत पोचला होता. मग एक गोटा त्याच्या कानाच्या वर लागला. तो ओरडला नाही. बसल्यासारखा खाली गेला. मला वाटलं कोणी तरी थांबवेल, पण गोटे थांबले नाहीत. त्या काठाला दिसलं नसेल, अन् आमच्या काठानं तर अजून जोर केला.

गौतमदादा खाली लांब होते, एका सावरगावच्या म्हाताऱ्याला धरून.

मी विचार केला असं लिहायला आवडलं असतं. नाही केला. पाण्यात होतो तेव्हा कळलं की पाण्यात आहे. रोहितची कॉलर धरली, त्याचं डोकं छातीशी घेतलं अन् वरून डावा हात ठेवला. त्याच हातावर गोटा बसला. आवाज आला, वाळली काडी मोडल्यासारखा.

मग अंधारून आलं. ते अंधारून आलं म्हणजे गौतमदादा होते. आमच्या अन् गोट्यांच्या मधे येऊन, त्या काठाकडे पाठ करून उभे. "चाल," म्हणाले, "माह्याकडं पाहत चाल." मी त्यांच्या तोंडाकडे पाहत मागं मागं सरकत काठाला आलो. तेवढ्यात त्यांच्या पाठीवर तीन बसले. मी मोजले. प्रत्येक वेळी डोळे मिटायचे अन् उघडायचे. मागं वळून एकदाही पाहिलं नाही कोणी मारला.

रोहितला चौदा टाके. शुद्धीवर आहे. माझ्या तळहाताची दोन हाडं.

आई-बाबा दवाखान्यात धावत आले. मी पडल्या पडल्या बरळलो, "आता भरती गेली."

"कायची भरती?" बाबा म्हणाले.

झालं. सगळं सांगावं लागलं. बाबा माझ्याकडे नाही, गौतमदादांकडे पाहत होते. मला वाटलं आता बोलतील काहीबाही. गौतमदादा उभे राहिले अन् म्हणाले, "पोरगं दुसऱ्याले वाचवाले गेलं होतं. गोटा मारताना नाही लागला त्याले." स्वतःच्या फौजेचं तेव्हाही नाही सांगितलं, मीच सांगितलं. बाबांनी विचारलं, तुमच्या पाठीला कोणी पाहिलं का. कोणीच पाहिलं नव्हतं. बाबा स्वतः नर्सला बोलवायला गेले.

आईनं डबा उघडला. सकाळपासून गौतमदादांच्या पोटात काही नव्हतं. तिनं भाकर मोडली, त्यावर भाजी ठेवली अन् त्यांच्या हातात दिली. "खा भाऊ," म्हणाली. मग त्याच डब्यातली आम्ही खाल्ली. आई रडत होती. माझ्या हाताकडे पाहून रडत असेल, पण ती त्यांच्याकडेच पाहत होती.

३१ ऑगस्ट

बाबांशी आज बोलणं झालं. बोलणं म्हणजे ते विचारत गेले.

"दोन महिन्यांची फौज, ते काय फौज?"

मी म्हटलं, दोन महिने ट्रेनिंग, पण बोलावलं की जावं लागते.

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"अन् माणूस तिकडं मेला, तं घरी सांगाले कोण येते?"

 ते उठून बगीच्यात गेले. मी त्यांना कधी असा आवाज काढताना ऐकलं नव्हतं. रागावले असणार.

१२ सप्टेंबर

बाबा आज कॉलेजात जाऊन आले. फीचं काही विचारायचं होतं म्हणे. फी तर जुलैतच भरली. चार वाजता परत आले. जेवताना म्हणाले, "तुमची लॅब चांगली ठेवली आहे हो."

फीच्या खिडकीपासून लॅब बरीच लांब आहे. चुकले असतील.

६ ऑक्टोबर

प्लास्टर निघालं. हात पांढरा अन् बारीक झाला आहे, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मूठ वळत नाही. चार बोटं अर्ध्यात येऊन थांबतात. भरती अठरा नोव्हेंबरला. बीमला लटकून अंग वर ओढायचं असते.

रोहित आला होता. डोक्याला टाके होते तिथं केस अजून आले नाहीत.  जाताना म्हणाला, "सकाळी पाचले मी येतो तुह्यासंगं. घड्याळ धराले कोणी तरी लागन न."

८ ऑक्टोबर

आईची कंबर धरली आहे. पीठ मळणं तिला होत नाही, म्हणून आता रोज मलाच मळायला लावते, अन् तेही डाव्या हातानं. "उजव्यानं तू पाणी घाल." कणीक घट्ट हवी म्हणते. इतकी घट्ट कणीक आपल्याकडे कधी मळत नव्हते. मी कण्हलो तरी "अजून मळ" म्हणते. पुन्हा स्वतः पाण्याचा हंडा उचलून आत नेते. कंबरेचं असंच असते म्हणे, कधी दुखते कधी नाही.

२८ ऑक्टोबर

गौतमदादांना पुन्हा बोलावणं आलं. पुढच्या दोन दिवसांत निघायचं आहे. लॅबमधली सगळी उपकरणं पुसून, चिठ्ठ्या लावून ठेवत होते. नवा माणूस येईल त्याला सापडायला हवं म्हणून.

मी आज शेवटचं विचारलं. "दादा, तीन महिने झाले, मी तुमच्या मागं पळून राहिलो. आता तरी सांगा. येऊ का नको?"

त्यांनी हातातली चिठ्ठी चिकटवली. मग म्हणाले, "मी नाही सांगणार. मी ये म्हटलं अन् तू आला, तं तू माह्यासाठी येशीन. तिथं मी नसतो. थंडीत, पावसात, एका पुलाजवळ उभं राहायचं असते, अन् रोज काहीच होत नाही. रोज काही झालं नाही म्हणजेच आपलं काम झालं. त्याले ज्याचं त्याचं कारण लागते."

"तुमचं काय कारण?"

"माहं मले पुरते," म्हणाले.

३० ऑक्टोबर

स्टेशनवर गेलो होतो, गौतमदादांना सोडायला. गाडी हलल्यावर पाहिलं तर दुसऱ्या टोकाला बाबा उभे. पार्सल ऑफिसात काम होतं म्हणाले.

१९ नोव्हेंबर, नागपूर

काल भरती झाली. हजारावर पोरं असतील. कोणी दुकानातला, कोणी ट्रॅक्टरवाला, एक तर शाळेत शिकवणारा. मला वाटलं होतं मी एकटाच असा अर्धा-अर्धा.

सोळाशे मीटर: पाच मिनिटं एकतीस. बीमवर फक्त सहा, सहाव्याला डावा हात सुटत होता, पण सुटला नाही.

मेडिकलमध्ये डॉक्टरसाहेबांनी हात उलटसुलट केला, एक्स-रेचा फोटो पाहिला.

"यह कैसे हुआ?"

"गोटमार, सर."

"पत्थर मारते हुए?"

"नहीं सर. मारा नहीं."

त्यांनी दोन बोटं पुढं केली. "दबाओ." मी दाबली. "और." दाबली. त्यांनी बोटं काढून घेतली, झटकली अन् कागदावर लिहिलं. काय ते दिसलं नाही.

२० डिसेंबर

यादी लागली. नाव आहे. सत्तावीस जानेवारीला हजर व्हायचं.

अन् कॉलेजची परीक्षा एप्रिलमध्ये. हेमंत सरांकडे गेलो. ते आमच्या विभागाचे प्रमुख. म्हणाले, प्रॅक्टिकल बुडाली तर परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाईल. "पुढच्या वर्षी पुन्हा बस, मी अडवणार नाही. पण वैभव, जी मुलं वर्ष सोडतात त्यातली फार थोडी परत येतात. हे मी वीस वर्षं पाहून राहिलो."

नाव लागलं तर उड्या मारीन असं वाटलं होतं. घरी आलो अन् कोणाला सांगितलं नाही. आता खरंच ठरवायचं आहे. आधीचं सगळं नुसतं पळणं होतं.

२१ डिसेंबर, रविवार

तिगावला गेलो, गौतमदादांच्या घरी. ते नाहीत, माहीत होतं. वहिनींना, म्हणजे प्रेमलताबाईंना, एकदा पाहायचं होतं. त्या अंगणवाडीत आहेत. पोचलो तेव्हा सासऱ्यांना उन्हात बसवून त्यांची नखं कापत होत्या. मुलगी पायरीवर अभ्यास करत होती.

मी सगळं सांगितलं. वर्षाचं, यादीचं. मग विचारलं, "वहिनी, तुम्हाले भेव नाही वाटत?"

"वाटते न. दर खेपेला वाटते. त्यांले बी वाटते. मागच्या टायमाले बूट घालाले अर्धा तास लावला त्यांनी." त्या हसल्या. "तुमचा हात मोडला न, त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. म्हणे, माह्यापायी पोरगं पाण्यात उतरलं. पाठ काळीनिळी, अन् रडत होते तुमच्यासाठी."

मला हे माहीत नव्हतं.

"मग जाऊ देता कशाला त्यांना?"

"पहिल्यांदा भरतीलेच नाही जाऊ दिलं. भांडली. तं गेले नाहीत. टीव्हीवर बातम्या पाहायचे अन् उठून बाहेर जायचे. आठ दिवस पाहिलं मी ते. मंग म्याच पिशवी भरून दिली." नखं कापून झाली, त्यांनी सासऱ्यांचे हात पुसले. "पण तुम्ही हे मले काहून विचारता? तुमच्या बाबांनी नाही सांगतलं?"

"बाबांनी काय?"

"अजी, ते येतात न. सप्टेंबरात आले पहिल्यांदा, यांच्यासंगं. मले विचारे, माणूस तिकडं गेला तं घरी सांगाले कोण येते. मी म्हटलं, ते मले माहीत नाही, पण माणूस तिकडं असला तं विचाराले कोण येते ते माहीत आहे. कोणी नाही येत." त्यांनी नखांची कात्री पुसून ठेवली. "हे गेल्यापासून दर रविवारी येऊन राहिले. आज बी सकाळीच येऊन गेले. यांच्या बाबांले दवाखान्यात नेलं दोनदा. पोरीसाठी संत्री आणते. तिथं, त्या पाटावर बसून जेवते."

मी पाटाकडे पाहिलं. रविवारी बाबा बगीच्यात असतात. निदान मला तसं माहीत होतं.

परत येताना सायकल हातात धरून बराच वेळ चाललो.

२२ डिसेंबर

दोघांना सांगितलं, सकाळी, चहाच्या वेळी. म्हटलं, नाव लागलं, सत्तावीस जानेवारीला जायचं, वर्ष जाईल. म्हटलं, परत येऊन परीक्षा देईन, बी.एड.ही करीन, पण मला जायचं आहे. कोणाच्या मागं नाही. त्या दिवशी मी पाण्यात उतरलो तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं अन् मी उतरलो. मी तसा आहे असं मला तेव्हा कळलं. तसं राहायला मला शिकायचं आहे.

लिहिताना बरं वाटते. बोलताना अर्धंच आलं.

आई म्हणाली, "कणीक कोण मळन मंग?" अन् आत गेली.

बाबांनी एवढंच विचारलं, "येत्या रविवारी काय काम आहे तुले?"

२८ डिसेंबर, रविवार

बाबांसोबत मोटारसायकलवर तिगावला गेलो.  पोचल्यावर बाबा चपला काढून सरळ आत गेले, घरच्यासारखे. म्हाताऱ्याच्या खाटेची पट्टी सैल झाली होती, ती आम्ही दोघांनी ओढून बांधली. माझा डावा हात त्यांनी एकदा पाहिला, पकड कशी आहे ते, अन् सैल टोक माझ्याकडेच दिलं.

जेवणं चालू असताना वहिनींचा फोन वाजला. गौतमदादांचा. आधी मुलगी बोलली, मग वहिनी. मग त्यांनी फोन बाबांपुढं धरला. बाबांनी हात धुतला, पुसला, अन् फोन घेऊन उभे राहिले. बसून नाही बोलले.

"मी वसंत. हो जी, घरचं सगळं चांगलं आहे. तुमचे बाबा दोन पोळ्या खातात आता... तुम्ही तिकडचं पाहा, इकडचं मी पाहतो."

मग पलीकडून काही विचारलं असावं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"येऊन राहिला न. सत्तावीसले." थोडं ऐकलं त्यांनी. मग मान हलवली. "नाही, नाही, गौतमभाऊ. ना तुम्ही बोलावलं, ना म्या पाठवलं. पोरगं त्याचं ते येऊन राहिलं. मी निस्ता स्टेशनपर्यंत."